सक्शनला लपेटा पाइप

आमचं मँचेस्टरचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका अंगाने शेजाऱ्याला चिकटलेलं. बाहेरच्या भिंती विटांच्या, पण आतल्या खोल्यांमधल्या अगदी नावाला, बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आई-अण्णा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले आणि पहिल्याच रात्री त्या भिंतीतून अण्णांचं घोरणं आमच्या खोलीत आलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. कराडजवळच्या आमच्या गावात मी त्या आवाजातच वाढले. उन्हाळ्यात अंगणात झोपायचो तेव्हा दोन घरं पलीकडच्या काकू सकाळी हसत विचारायच्या, "काल रातच्याला मोटार लई वेळ चालू होती व्हय?"

नवरा मात्र डोंबिवलीचा. अंगणात झोपणं त्याला माहीत नाही आणि सासऱ्यांचं घोरणंही. मध्यरात्री त्याने मला हलवलं आणि हळूच म्हणाला, "अगं, ते थांबले."

मी ऐकू लागले. खरंच थांबलं होतं. मनात आकडे मोजायला लागले. दहा. वीस. पंचवीसला मी उठून बसले. एकतिसाव्या आकड्याला बुडालेला माणूस वर यावा तसा एक मोठा हिसका ऐकू आला, पलंग करकरला, आणि पुन्हा मोटार सुरू. पाचेक मिनिटांनी परत तेच. त्या रात्री मी आणि नवरा भिंतीला कान लावून बसलो होतो.

आता कबुली. मी चार वर्षं घालवून गणितात पीएच.डी. केली आहे आणि माझा विषय होता मऊ, चेपणाऱ्या नळीतून वाहणारा द्रव. प्रबंधाच्या पहिल्या पानावर, हा विषय का महत्त्वाचा हे सांगताना, सगळे जसं लिहितात तसं मीही लिहिलं होतं: शिरा, श्वासनलिका, रक्तदाब मोजणं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. ते वाक्य मी दुसऱ्यांच्या प्रबंधांतून उचललं होतं. लिहिताना अण्णांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहा पीत बागेकडे बघत बसले होते. इथली बाग म्हणजे आमच्या गोठ्याएवढी हिरवळ. मी त्यांना सरळ काही विचारलं नाही. म्हटलं, अण्णा, मी नेमकं काय शिकले ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

"पाइपाचं गणित," अण्णा म्हणाले. गावात कुणी विचारलं तर ते हेच सांगतात.

"हो, पण कडक पाइप नाही. मऊ. आतून ओढलं तर मिटणारा."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे सक्शनला लपेटा लावल्यागत?"

ज्यांनी शेतीचा पंप पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीतून पाणी ओढणारा पाइप सक्शनचा, आणि पंपातून पुढे शेतात ढकलणारा डिलिव्हरीचा. डिलिव्हरीला लपेटा पाइप चालतो, तो रिकामा असताना पट्टीसारखा गुंडाळून खांद्यावर टाकता येतो. पाणी आतून ढकलतंय तोवर तो गोल राहतो. तोच पाइप सक्शनला लावला तर पंप ओढायला लागताक्षणी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, बाहेरची हवा त्याला चेपते आणि पाइप चिकटतो. पंप जितका जोरात ओढेल तितका तो घट्ट चिकटेल. म्हणून सक्शनला कडक, कड्याकड्यांचा पाइप लागतो. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं. मला ते समीकरणांतून कळायला दोन वर्षं लागली.

या विषयाचं जुनं उपकरण इंग्लंडचंच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंग नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. 'हॉर्मोन' हा शब्द ज्यांनी १९०५ साली रूढ केला तेच. त्यांना शरीराबाहेर काढलेल्या हृदयावर प्रयोग करायचे होते. हृदय रक्त ढकलतं, पण कशाविरुद्ध ढकलायचं? शरीरात सगळ्या रक्तवाहिन्यांचा अडथळा असतो. टेबलावर तो कुठून आणणार? नोल्टन आणि स्टार्लिंग यांनी १९१२ साली छापलेल्या प्रयोगात त्यावर तोडगा होता: रबराची पातळ नळी एका बंद काचेच्या नळकांड्यात ताणून बसवायची आणि नळकांड्यात हवा भरून बाहेरचा दाब हवा तसा कमी-जास्त करायचा. बाहेरचा दाब वाढला की रबर चेपतं आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. स्टार्लिंग यांना तो फक्त एक नळ हवा होता. पण त्या नळाचं वागणं इतकं चमत्कारिक निघालं की पुढची शंभर वर्षं लोक हृदय बाजूला ठेवून त्या नळीचाच अभ्यास करत बसले. आजही प्रयोगशाळेत तिला 'स्टार्लिंग रेझिस्टर' म्हणतात. माझं सगळं संशोधन या एका रबरी नळीवर होतं, आणि तीही कागदावरची.

पुढे जूनमध्ये अण्णांना लंडन दाखवायला नेलं तेव्हा मुद्दाम गॉवर स्ट्रीटवरून वळवून त्या कॉलेजात नेलं. स्टार्लिंग यांच्यात त्यांना फारसा रस वाटला नाही. तिथे काचेच्या पेटीत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचा कपडे घालून बसवलेला सांगाडा आहे, त्याच्यासमोर मात्र ते पंधरा मिनिटं उभे राहिले आणि आईला म्हणाले, "बघ, ह्यांच्यात बारावं-तेरावं काही नसतं."

तर चमत्कारिक काय? साध्या लोखंडी पाइपात पाणी संथ वाहत असेल तर दोन टोकांमधला दाबातला फरक दुप्पट केला की पाणीही दुप्पट येतं. मऊ नळीत खालच्या टोकाला ओढ वाढवत गेलं तर आधी प्रवाह वाढतो, मग वाढायचा थांबतो, आणि कधी कधी चक्क कमी होतो. प्रवाह वरच्या टोकाचा दाब आणि बाहेरून चेपणारा दाब यांच्यावर ठरायला लागतो. खाली काय चाललंय याचा त्याच्याशी संबंधच राहत नाही. बाल्टिमोरच्या सॉल्बर्ट परमट यांनी १९६२ साली फुप्फुसातल्या रक्तप्रवाहाबद्दल लिहिताना याला धबधब्याची उपमा दिली. मी अण्णांना कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं उदाहरण दिलं. बंधाऱ्यावरून पाणी सांडतंय. खालचं पात्र एक फूट खोल असो नाहीतर कोरडं ठणठणीत, वरून सांडणारं पाणी तेवढंच. खालची खबर वर पोचतच नाही.

खबर पोचत नाही हे मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही, गणितात ते अगदी नेमकं आहे. मऊ नळीला एका जागी बोटाने दाबलं तर तो दाब लाटेसारखा नळीभर पळतो. मनगटावर नाडी लागते ती हीच लाट. मोठ्या माणसाच्या मुख्य रोहिणीत ती सेकंदाला साधारण पाच ते दहा मीटर वेगाने जाते. नळी अर्धवट चेपली की तिची भिंत ढिली पडते आणि ही लाट फार मंदावते. आतला प्रवाह त्या लाटेच्या वेगाला गाठतो तेव्हा खालून निघालेली कुठलीही खबर प्रवाहाविरुद्ध वर चढू शकत नाही. आवाजाच्या वेगाने जाणाऱ्या विमानाचं जे गणित तेच इथे लागू पडतं. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये अ‍ॅशर शपिरो नावाचे प्राध्यापक होते, त्यांचं नाव वेगवान वायुप्रवाहांच्या अभ्यासासाठी झालेलं. त्यांनीच १९७७ साली चेपणाऱ्या नळ्यांचं असं गणित मांडलं. त्याच वर्षी डॉसन आणि इलियट यांनी दाखवलं की माणूस जोरात श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसातल्या नळ्यांत हेच होतं. इथे दम्याच्या तपासणीला नर्स मशीनमध्ये फुंकायला लावते ना, "ब्लो, ब्लो, ब्लो" करत? सुरुवातीचा झोत सोडला तर पुढे तुम्ही कितीही जीव तोडून फुंका, हवा ठरावीक वेगापेक्षा जास्त बाहेर येत नाही. म्हणूनच ती तपासणी भरवशाची असते. माणसाच्या जोरावर नव्हे, नळ्यांच्या प्रकृतीवर ती चालते.

माझं प्रारूप तीन ओळींचं होतं. प्रारूप म्हणजे मॉडेल. खऱ्या वस्तूची गणितातली नक्कल, त्यात काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे आपण ठरवायचं. पहिली ओळ: जेवढं आत जातं तेवढं कुठेतरी निघालं पाहिजे. दुसरी: दाबाचा फरक द्रवाला ढकलतो आणि भिंतीचं घर्षण त्याला अडवतं; न्यूटनचा नियमच, नळीसाठी लिहिलेला. या दोन ओळी लोखंडी पाइपालाही लागतात. तिसरी मात्र मऊ नळीची खास आहे, तिला 'नळीचा नियम' म्हणतात. आतल्या आणि बाहेरच्या दाबात अमुक फरक असेल तर नळीचं तोंड किती उघडं राहील, हे ती सांगते. नळी गोल असताना तिला फुगवायला बराच जोर लागतो. बाहेरचा दाब जरासा वरचढ झाला की मात्र ती एकदम मान टाकते, गोलाची अंडाकृती होते, मग मधे चिकटून फक्त दोन कडांना बारीक वाट उरते. एवढी चपटी झाल्यावर पुन्हा ती कडक होते, त्या शेवटच्या दोन वाटा बुजवायला फार दाब लागतो.

हे सांगत होते तेव्हा अण्णा म्हणाले, "मोटार बंद केल्यावर लपेट्याच्या कडंनं पाणी झिरपत राहतंच की." माझ्या प्रबंधातली सतरावी आकृती ती हीच.

वाचकांनी हे स्वतःच्या हातावर बघावं. हात मांडीवर ठेवा, पंजाच्या मागच्या शिरा फुगलेल्या दिसतील. हळूहळू हात डोक्याच्या वर न्या. हृदयाच्या पातळीच्या वर गेला की शिरा मावळतात. त्या रिकाम्या होत नाहीत, चपट्या होतात. उभ्या माणसाच्या मानेतल्या शिरांचंही तेच, म्हणून डॉक्टर त्या बघायला पेशंटला अर्धवट निजवतात. जिराफाच्या मानेचं कोडं तर गणितज्ञांचं लाडकं. आम्ही अण्णांना चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात नेलं होतं, तिथे जिराफ आहेत. जिराफाचा रक्तदाब आपल्या जवळजवळ दुप्पट असतो. तेवढा जोर लावूनच रक्त त्या मानेवर चढतं. एक मत असं होतं की खाली येणारं रक्त वर चढणाऱ्याला सायफनसारखं ओढत असणार. केंब्रिजच्या टिम पेडली यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली चपट्या होणाऱ्या शिरेचं प्रारूप मांडून त्या मानेतला दाब समजावून सांगितला. अण्णा कुंपणाला टेकून म्हणाले, "सायफनला भरलेला पाइप पाहिजे. पाइप चेपला की सायफन तुटला." मुलगा म्हणाला, "आजोबा, यू शुड डू अ पीएच.डी." आजोबांना कळलं नाही, पण कौतुक आहे एवढं समजलं.

घोरणं यात कुठे बसतं? नाकामागून स्वरयंत्रापर्यंतची घशाची वाट ही श्वासमार्गातली अशी जागा आहे जिला हाडाचा किंवा कूर्चेचा पूर्ण आधार नाही. खालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कमानी असतात, आपल्या सक्शन पाइपाच्या कड्यांसारख्या. घशाला नाहीत, कारण तिथून गिळायचंही असतं. जागेपणी स्नायू ही वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, उताणं झोपलं की जीभ मागे पडते. आणि श्वास आत घेणं म्हणजे ओढणं. सक्शनला लपेटा तो हा.

वाट अरुंद झाली की हवा तिथून वेगाने जाते. वेग वाढला की तिथला दाब उतरतो. दाब उतरला की मऊ भिंत अजून आत येते. वाट मिटत आली की प्रवाह अडतो, मागचा दाब पुन्हा तिला उघडतो, आणि हे सेकंदाला कित्येकदा झालं की भिंत फडफडते. फुग्याचं तोंड दोन्हीकडून ताणून हवा सोडली की तो किंचाळतो, तसंच काहीसं. पण ही मी शाळेत सांगायची गोष्ट सांगितली. प्रवाहातली ऊर्जा भिंतीत नेमकी कशी शिरते आणि फडफड कशी टिकते, यावर आजही वाद आहेत. एकापेक्षा जास्त यंत्रणा आहेत आणि कुठल्या नळीत कुठली जिंकते हे भिंतीचा ताण, लांबी, द्रवाचा चिकटपणा यांवर ठरतं. आमच्या मँचेस्टरमध्येच ऑलिव्हर जेन्सन आणि मथियास हाइल यांनी या फडफडीवर बरंच काम केलंय. त्यांचा २००३ चा एक लेख वाचून वाचून माझ्याकडे कागद फाटला होता. रक्तदाब मोजताना पट्ट्याखालच्या रोहिणीतून जो टकटक आवाज येतो, जो रशियन सर्जन कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली पहिल्यांदा सांगितला, तोही चेपलेल्या नळीचाच. रोज जगभर लाखो लोकांचं बी.पी. त्या आवाजावर बघितलं जातं, आणि तो नक्की कसा तयार होतो यावर अजून पूर्ण एकमत नाही. मला हे फार आवडतं. नवऱ्याला हे भीतीदायक वाटतं.

आणि नळी फडफडायच्या ऐवजी पूर्ण मिटली तर आवाज थांबतो. बाहेरच्याला वाटतं, चला, गाढ झोप लागली. छाती आणि पोट मात्र ओढत असतात आणि हवा येत नसते. रक्तातला प्राणवायू उतरतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात, तो हिसका बसतो, वाट उघडते. सकाळी माणसाला यातलं काहीही आठवत नाही.

तिसऱ्या रात्री मी फोनवर चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी स्वयंपाकघरात आईला ऐकवलं. मला वाटलं ती घाबरेल. ती पोळी लाटत राहिली.

"मला काय ऐकवतेस," ती म्हणाली. "थांबलं की मी ढोसते ह्यांना. कूस बदलली की लागतो श्वास."

"किती वर्षं, आई?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासनं."

माझं लग्न होऊन तेरा वर्षं झाली होती. इतकी वर्षं ही बाई रात्रीतून कितीतरी वेळा जागी होऊन, अंधारात आवाज थांबण्याची वाट बघत, नवऱ्याच्या पाठीत कोपर मारत होती. नातीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा आठ दिवस ती नव्हती, तेव्हा काय झालं असेल? मी बेसिनपाशी जाऊन उगीचच भांडी घासायला घेतली.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. अण्णा पेपर वाचता वाचता पेंगायचे. आम्ही म्हणायचो, रात्री पाण्यावर जातात म्हणून. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यामुळे आमच्याकडे दिवसा पेंगणाऱ्या माणसाला कुणी आजारी समजत नाही. बी.पी.च्या गोळ्या एकाच्या तीन झाल्या होत्या आणि तरी आकडा खाली येत नव्हता. २०१९ साली मळ्यातून येताना ते मोटारसायकलसह रस्त्याकडेच्या चरीत गेले होते. कॉलरबोन मोडलं. चक्कर आली असेल असं सगळ्यांनी ठरवलं, एका डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅनही काढला, तो चांगला आला आणि विषय मिटला. मी तेव्हा इथून फोनवर स्कॅनचा रिपोर्ट वाचून दाखवायला सांगत होते. झोप कशी आहे हे मी विचारलं नाही. घोरण्याबद्दल कोण विचारतं? घोरतोय म्हणजे सुखाची झोप, हे आपल्याकडे ठरलेलं.

आता अण्णांना विचारलं, त्या दिवशी खरंच चक्कर आली होती का? बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चक्कर नव्हती. डोळा लागला होता. लोक काय म्हणतील म्हणून बोललो नाही."

इथे तपासणी करावी का यावर आमचं बरंच झालं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना इथलं हॉस्पिटल फुकट नसतं, आणि आम्ही काढलेला प्रवासविमा जुन्या दुखण्याला हात लावत नव्हता. ज्यांचे आई-वडील यायचे आहेत त्यांनी विम्याची ती बारीक अक्षरं आधी वाचा, मी वाचली नव्हती. ऑक्टोबरपर्यंत थांबायचंही मला नको होतं. शेवटी त्यांचं तिकीट ऑगस्टवर आणलं. माझा भाऊ पुण्याला असतो, त्याने घरी करायची स्लीप स्टडी ठरवली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. भावाने रात्री अण्णांचा तसा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "मंगळावर निघालेत."

रिपोर्टमध्ये एक आकडा असतो: तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा फार मंदावला. पाचच्या खाली ठीक. तीसच्या वर गंभीर. अण्णांचा एक्केचाळीस होता. प्राणवायू एका क्षणी ७६ टक्क्यांवर गेला होता.

उपाय सोपा आहे, आणि त्याचा जन्मही गमतीदार. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरसारख्या पंख्याची हवा उलटी फिरवून, मास्कमधून नाकात सोडून, झोपलेल्या रुग्णाचा घसा उघडा ठेवून दाखवला. पाच रुग्णांवरचा तो लेख १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. आज सीपॅप म्हणून जी मशीन मिळतात ती त्याचीच सुधारलेली रूपं. औषध नाही, ऑपरेशन नाही. नळीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे ती मिटत नाही. अण्णांच्या मशीनचा दाब अकरा सेंटीमीटर पाण्याएवढा ठरला. मी व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं की अकरा सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा जेवढा भार, तेवढाच हा दाब. अण्णांनी हाताने मापून पाहिलं.

"विहिरीला पन्नास फुटाचा हेड लागतो," ते म्हणाले, "आणि माझ्या घशाला अर्धी वीत?"

"अर्धी वीत."

"मग डिलिव्हरीचा पाइप केला म्हणायचा घशाचा."

याहून नेमकं मला चार वर्षांत कुठे लिहिता आलं नव्हतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अकरा हा आकडा माझ्या समीकरणांनी दिलेला नाही. तो मशीन लावून, रात्रभर कमी-जास्त करून ठरवला. माझी नळी सरळ होती, दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली, सगळीकडे सारखी. खऱ्या घशात जीभ आहे, पडजीभ आहे, चरबी आहे, मधेच जागे होणारे स्नायू आहेत. परमट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली घशाला स्टार्लिंग यांची नळी मानून बघितलं आणि त्यातून 'किती दाबाला हा घसा मिटतो' असा एक उपयोगी आकडा मिळाला. निरोगी माणसाचा घसा मिटवायला बऱ्यापैकी ओढ लागते, या आजारात तो काहीही न ओढता मिटतो. पण पुढे झोपलेल्या माणसांवर मोजमाप केल्यावर दिसलं की पुष्कळ जणांत ओढ वाढली की प्रवाह स्थिर न राहता कमी होतो. म्हणजे साधी नळी पुरत नाही. प्रारूप 'का' सांगतं. 'किती' सांगायला अजून रात्रभर माणसाशेजारी बसावं लागतं.

पहिला महिना वाईट गेला. मास्क मोठा होता, कडेने हवा सुटून डोळ्यांत जायची. अण्णांनी दोनदा मशीन कपाटात ठेवलं. आईने दोनदा बाहेर काढलं. भाऊ लहान मास्क घेऊन गेला, नाक कोरडं पडायचं म्हणून मशीनला पाण्याचं भांडं जोडलं. मग लाइटचा प्रश्न. रात्री लाइट गेली की हवा बंद, अण्णा दचकून उठायचे. शेवटी इन्व्हर्टर घेतला. दुकानदाराने विचारलं, टीव्हीसाठी का फॅनसाठी? अण्णा म्हणाले, घशासाठी.

आता तीनच्या दोन गोळ्या झाल्या आहेत. मशीनमुळेच झाल्या असं डॉक्टर म्हणत नाहीत, अण्णांनी मीठही कमी केलंय. मोटारसायकल पुन्हा चालवतात, मला ते अजूनही पटत नाही आणि त्यावरून आमचं दर रविवारी वाजतं. इथे तर दिवसा झोप येण्याइतका हा आजार असेल तर गाडी चालवणाऱ्याला परवाना खात्याला कळवावंच लागतं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, कराडात कुणाला कळवू?

आईची मात्र वेगळी तक्रार आहे. आवाज नसतो म्हणून ती रात्री दोन-तीनदा जागी होते आणि अंधारात हात पुढे करून मास्कच्या कडेला लावून बघते, हवा लागतेय का.

सकाळी मशीनच्या स्क्रीनवर आदल्या रात्रीचा आकडा येतो. तो अण्णा मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. 'गुड मॉर्निंग'चं गुलाबाचं फूल नाही, काही नाही, नुसता आकडा. ३.२. २.८. ४.१. त्यांच्याकडे साडेसहा वाजलेले असतात, इथे रात्रीचे दोन किंवा एक. मी सकाळी उठल्यावर आधी तो बघते. मागच्या मंगळवारी आला नाही. मी साडेसातला फोन लावला, आईने घेतला, म्हणाली, "अगं, ते मळ्यात गेलेत. ह्या आठवड्यात लाइट सकाळची आहे."